दुधाचा हिशेब आणि यंत्राची वही
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी मला आपणांपुढे बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकाने या मेळाव्यात काय सांगावे, असा संकोच मनात उत्पन्न झाला. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यात आजही दोन-चार गाई-म्हशी आहेत, आणि निवृत्तीनंतर गावच्या दूधसंस्थेच्या दप्तराशी माझा काही वर्षे संबंध आला. त्या अनुभवाविषयीच चार शब्द बोलतो.

दुग्धव्यवसाय हा मुळात हिशेबाचा व्यवसाय होय. धान्य वर्षातून एकदोनदा विकले जाते. दूध दिवसातून दोनदा, आणि तेही चार-पाच लिटरांनी. १९४६ साली गुजरातेत खेडा जिल्ह्याचा सहकारी दूधसंघ स्थापन झाला, १९६३ साली आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्याचा संघ उभा राहिला. या यशाचे श्रेय आपण पुढाऱ्यांना देतो, व ते योग्यच आहे. पण गावोगावच्या सचिवांनी पहाटे उठून लिहिलेल्या वह्यांची आठवण कोणी काढत नाही. संकलनाची वही, फॅटची वही, सभासदाचे खाते, पशुखाद्याच्या उधारीचे खाते, दहा दिवसांच्या बिलाचा तक्ता! एकच आकडा या वहीतून त्या वहीत उतरविता उतरविता बोटे भरून येत.

सांप्रत या सर्व वह्यांची जागा एकात्मिक व्यवस्थापनाच्या संगणक-प्रणालीने घेतली आहे. तरुण मंडळी तिला नुसते 'सॉफ्टवेअर' म्हणतात. सभासदाने काट्यावर दूध ओतले की वजन आपोआप नोंदले जाते. नमुना यंत्रास लावला की फॅट आणि एसएनएफ कळते. दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघून पावती हाती येते. त्याच एका नोंदीतून पुढे बिल तयार होते, पेंडीची उधारी वजा होते, उरलेली रक्कम बँकेत जमा होते. इतकेच नव्हे, तर चार अंशांपर्यंत थंड केलेले दूध टँकरने संघाकडे गेल्यावर किती फॅट आत आली आणि लोणी, तूप, पिशवीतले दूध या रूपांनी किती बाहेर पडली, याचा ताळेबंदही तेथे मांडता येतो. एखादा टँकर नासका निघाला, तर ते दूध कोणत्या गावच्या कूलरमधले, हे शोधण्यास पूर्वीसारखे दोन दिवस लागत नाहीत. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही दूधसंस्थांकरिता अशी प्रणाली तयार केली आहे. ज्यांनी गंधकाम्लाच्या नळ्या हातात धरून गर्बर पद्धतीने फॅट काढली आहे आणि कपड्यांना भोके पाडून घेतली आहेत, त्यांना या सुधारणेचे मोल मी सांगावयास नको. मी यंत्राचा विरोधक नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

आमच्या गावातील एक वृद्ध सभासद भगिनी एके दिवशी माझ्या घरी आल्या. अक्षरओळख बेताची, परंतु आकडे वाचता येतात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, काट्यावर चार अठ्ठ्याण्णव दिसतं, अन् चिठ्ठीवर चार नऊ कसं येतं?" त्यांनी हेच संस्थेत विचारले होते, तेथील मुलाने "आजी, मशीन चुकत नसतं" असे उत्तर देऊन त्यांना वाटेस लावले होते. मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काट्यापाशी उभा राहिलो. आजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दशांशचिन्हापुढचा दुसरा अंक प्रणाली सोडून देत होती. पूर्ण करीत नव्हती, सोडून देत होती.

चौथीच्या मुलास घालावे असे हे गणित आहे. शून्यापासून नव्वद मिलिलिटरपर्यंत काहीही सुटू शकते. सरासरी पंचेचाळीस धरा. दोन वेळचे नव्वद, आणि वर्षाचे बत्तीस लिटरांहून अधिक. हे एका घरचे झाले. दोनशे सभासदांच्या संस्थेत हाच आकडा साडेसहा हजार लिटरांवर जातो. हे दूध नाहीसे होत नव्हते. ते टँकरमध्ये जात होते, संघाकडून त्याचे पैसे येत होते, आणि वार्षिक अहवालात 'वाढावा' या सदरात दिसत होते. मागच्या सभेत त्या वाढाव्यावर आम्ही टाळ्याही वाजविल्या होत्या, आणि त्यात माझेही हात होते!

यात कोणाची लबाडी नव्हती. यंत्र बसविणाऱ्या कारागिराने ती योजना तशी ठेवली, आणि ती कोणी विचारली नाही. परंतु मला अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. मी दप्तर तपासले तेव्हा सर्व काही जुळत होते. संकलन, बिल, खाते, बँक, कोठे पैचा फरक नाही. जुळणारच, ती सर्व एकाच नोंदीची प्रतिबिंबे! पूर्वी दोन वह्या दोन हातांनी लिहिल्या जात, म्हणून त्यांचे भांडण होई, आणि त्या भांडणातूनच चूक सापडे. आज वही एकच उरली आहे, तेव्हा ती स्वतःशी भांडणार कशी? फरक दाखवू शकत होत्या त्या दोनच गोष्टी: संघाची टँकरपावती आणि आजींचे डोळे.

म्हणून आपल्यापैकी जे दूधसंस्थांच्या संचालक मंडळावर आहेत, त्यांस माझी विनंती आहे. काट्याचे किती अंक धरावयाचे, किलोचे लिटर करताना कोणत्या संख्येने भागावयाचे व तो भागाकार काट्यात आणि प्रणालीत असा दोनदा तर होत नाही ना, दरपत्रक बदलण्याची चावी कोणाकडे, हे कारागिरावर न सोपविता सभासदांच्या सभेत ठरवावे आणि संकलन केंद्राच्या भिंतीवर लिहावे. आठवड्यातून एकदा एखाद्या सभासदाचे दूध मापाने मोजून हाताने कागदावर लिहावे व पावतीशी ताडून पाहावे. यास पाच मिनिटे लागतात. आणि सुनांना, मुलींना पावती वाचावयास शिकवावे. कारण घरोघरी धार काढणारे आणि केंद्रावर चरवी घेऊन जाणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

आमच्या संस्थेत आता दोन्ही अंक धरले जातात. मागील रक्कम सभासदांस परत करण्याचा ठराव बऱ्याच वादानंतर मंजूर झाला. भिंतीवरचा फलक मात्र अद्याप रंगाऱ्याकडेच आहे. आजी तेथून जाता-येता त्याची चौकशी करीत असतात.