गाडीची जागा, पाण्याची जागा

आपल्या पेठेत एखादा गाळा किंवा एखादा तुकडा मोकळा दिसला की लोक विचारतात, 'ही जागा अजून रिकामी कशी?' उत्तरही ठरलेलं असतं. गिऱ्हाईक आलं नाही, नाहीतर भावाभावांत वाद आहे. जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असू शकते, हे आपल्या मनाला शिवतच नाही. आज मला अशा दोन रिकाम्या जागांविषयी बोलायचं आहे. एक गाड्या लावण्यासाठी सोडायची असते, दुसरी नदीच्या पाण्यासाठी. दोन्हींवर नगररचना विभागाचा शिक्का लागतो आणि दोन्ही आपल्याकडे टिकत नाहीत.

कवीनं पार्किंगवर कशाला बोलावं, असं कुणाला वाटेल. पण जळगावात सणाच्या आदल्या संध्याकाळी गोलाणी मार्केटसमोरून किंवा फुले मार्केटच्या बोळातून मोटारसायकल बाहेर काढून दाखवा. त्या वेळी भल्याभल्यांना यमक सुचत नाही.

आधी गाडीची गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून सगळ्या महाराष्ट्रासाठी बांधकामाची एकच नियमावली आणली. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली असं तिचं भारदस्त नाव. तीत दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय, राहण्याची सदनिका, प्रत्येकाला किती गाड्यांची जागा सोडायची याचं कोष्टक आहे. एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. ती आत यायला, वळायला जागा हवीच. हे सगळं धरलं तर एक मोटार साधारण पंचवीस चौरस मीटर अडवते. पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात शहरातल्या सगळ्यात गरीब गटाचं घर तीस चौरस मीटरपर्यंतचं असायचं. गाडीचं घर आणि माणसाचं घर यांत एवढंच अंतर.

नकाशावर ही जागा असते. तिथे ओळीनं चौकोन आखलेले असतात, प्रत्येकात नंबर घातलेला असतो. नकाशा मंजूर होतो, इमारत उभी राहते, भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. मग काही दिवसांनी खांबांच्या मध्ये विटा चढू लागतात. पुढच्या दिवाळीला तिथे शटर असतं आणि शटरवर 'भव्य सेल'चा फलक. तळघरात गाड्यांऐवजी कापडाचे गठ्ठे किंवा औषधांची खोकी. महापालिका कधीतरी नोटीस देते, कधी सीलही ठोकते. मग प्रकरण कोर्टात जातं आणि तारखा पडत राहतात. तोवर ज्यांच्या गाड्या त्या चौकोनांत उभ्या राहायच्या होत्या, त्या रस्त्यावर उभ्या असतात.

याबाबत कायदा मुका नाही. मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१० रोजी सांगून टाकलं, की खांबांमधली पार्किंगची जागा हा काही वेगळा विकायचा गाळा नाही, ती सगळ्या रहिवाशांची सामाईक जागा आहे. निकाल लागून दीड दशक होऊन गेलं. आपल्याकडे आजही फ्लॅट घेताना 'पार्किंगचे वेगळे पडतील' हे वाक्य ऐकू येतं, आणि आपण किती पडतील एवढंच विचारतो.

अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे एक प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले. त्यांनी आयुष्य याच एका विषयाला वाहिलं. फुकट पार्किंगची किंमत किती भारी पडते यावर त्यांचं जाडजूड पुस्तक २००५ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक इमारतीनं इतक्या गाड्यांची जागा सोडलीच पाहिजे अशी सक्ती केली की तिचा खर्च घराच्या आणि मालाच्या किमतीत मिसळतो आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही तो भरतो. पुढे बफेलो शहरानं २०१७ मध्ये ही सक्ती काढून टाकली, मेक्सिको सिटीनं त्याच वर्षी 'किमान इतकी' याऐवजी 'कमाल इतकी' असा नियम केला. आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणणार नाही. पण शूप यांनाही सुचली नसेल अशी तऱ्हा आपण काढली आहे. पार्किंगचा खर्च घराच्या किमतीत भरायचा आणि पार्किंग मात्र मिळवायचं नाही. सायकलवर येणारा हमालही त्या कपड्याच्या दुकानात पायजमा घेताना न बांधलेल्या पार्किंगचा वाटा देऊन जातो.

आता पाण्याकडे येऊ. जळगावला गिरणा बाहेरून वळसा घालून जाते. धुळ्याच्या मात्र पोटातून पांझरा वाहते. एका तीरावर जुनं धुळे, दुसऱ्या तीरावर देवपूर आणि एकवीरा देवी. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्य ठाणं केलं, व्यापाऱ्यांना बोलावून घर बांधायला जागा दिल्या, सरळ रस्ते आखले. धुळ्याच्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत ते पाहून बाहेरचा माणूस आजही हसतो, पण पत्ता सापडतो हे त्यालाही मान्य करावं लागतं. अशा आखीव गावात १८७२ च्या सप्टेंबरात पांझरा शिरली आणि पाचशे घरं घेऊन गेली. गिरणा आणि पांझरा मिळून त्या वेळी १५२ गावांचं नुकसान झालं, सोळा लाखांची मालमत्ता गेली. हे इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये छापलेलं आहे. तेव्हा नदीत सिमेंटचा एक कठडाही नव्हता.

नदीला किती जागा लागते हे सांगण्यासाठी आपल्या पाटबंधारे खात्यानं १९८९ मध्ये परिपत्रक काढून दोन रेषा ठरवून दिल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित.

यातला 'पंचवीस वर्षांतून एकदा' हा शब्दप्रयोग मोठा फसवा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेला मोठा पूर आला. तेव्हा लोक म्हणू लागले, चला, आता २०४४ पर्यंत चिंता नाही. नदी कॅलेंडर लावून बसलेली नसते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चार असते. यंदा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा शंभरात चारच. मी कलाशाखेचा बीए, तरी हिशेब करून पाहिला. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घराला एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता शंभरात छप्पन्न येते. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. बँक पगाराची स्लिप मागते. या रेषेचा नकाशाही मागायला काय हरकत आहे?

आणि इथेच या दोन रिकाम्या जागा एकमेकींना भेटतात. त्याच २०२० च्या नियमावलीत लिहिलं आहे, की नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात बांधकाम करता येणार नाही, पण काही गोष्टी चालतील. बाग चालेल, ओट्यांचा भाजीबाजार चालेल. स्मशान आणि दफनभूमी चालेल. आणि पार्किंग चालेल. म्हणजे रात्री मुक्कामाची मुभा कुणाला, तर उभ्या गाड्यांना आणि निजलेल्या मुर्द्यांना. माझ्यातल्या कवीला हे वाचून हसू आलं, मग जरा कापरंही भरलं, कारण या दोघांनाही पूर आला म्हणून उठून जाता येत नाही.

नियम करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मोकळ्या मैदानात दिवसा चार गाड्या उभ्या राहिल्या तर पाण्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर. गावातल्या पार्किंगमध्ये दुकानं शिरली, गाड्या रस्त्यावर आल्या, रस्ता तुंबला, ओरड झाली. मग सभेत कुणीतरी उठून म्हणतो, नदीकाठी एवढी जागा पडून आहे! 'पडून आहे' हे शब्द मी मुद्दाम सांगतो, नदीची जागा आपल्या भाषेत नेहमी पडूनच असते. तिथे आधी मुरूम पडतो. चिखल होतो म्हणून मुरमावर पेव्हर ब्लॉक येतात, मग पत्र्याची शेड, चहाची टपरी, टपरीला वीज. आठ-दहा वर्षांत पात्राचा काठ दोन-तीन फुटांनी उंच झालेला असतो आणि नदी तेवढी अरुंद. धुळ्यात पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले तेव्हा गावात दोन तट पडले. वाहतूक सुटेल असं एक म्हणत होते, नदी आवळली जाईल असं दुसरे. मला वाटतं दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच तो प्रश्न आधी आकड्यांनी सोडवायला हवा होता. वर साक्री तालुक्यात अक्कलपाड्याचं धरण आहे. ते भरून दरवाजे उघडले की पाणी कुठवर येणार, या एका आकड्यावर खाली धुळ्यातल्या माणसाची झोप अवलंबून असते.

निळी आणि लाल रेषेच्या मधलं प्रकरण तर अजून बोलकं आहे. तिथे घर बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीडएक फूट उंचावर. त्यासाठी बांधणारे बहुधा इमारत खांबांवर उचलतात आणि खाली पार्किंग दाखवतात. हा मजला गाडीचाही आहे आणि पुराचाही. गाडी नसेल तेव्हा तिथून पाणी निघून जावं. त्या खांबांमध्ये भिंत घालून शटर लावलं की एका विटेत दोन नियम मोडतात. पाणी अडतं, ते शेजारच्या बैठ्या घरात शिरतं. आणि शेजारी बैठं घर कुणाचं असतं? नाल्याकाठचा गुंठेवारीतला प्लॉट स्वस्त म्हणून ज्यानं स्टॅम्प पेपरवर घेतला, त्याचं. गुंठेवारीची घरं नियमात बसवायचा कायदा २००१ मध्ये झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढली. घर नियमित होतं, पण जमिनीची पातळी दाखल्यानं वर येत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावनं हे २०२१ मध्ये भोगलं. डोंगरी आणि तितूर या दोन लहान नद्या तिथे भेटतात. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून पोरं सायकली चालवतात. ३१ ऑगस्टला वर कन्नड घाटाकडे पाऊस कोसळला, घाटात दरडी आल्या आणि सकाळी बाजारपेठेत पाणी होतं. दुकानांतला माल गेला, खेड्यांमधली शेकडो जनावरं गेली. जळगाव शहराला गिरणेची भीती नसली तरी लेंडी नाला आहेच. पुण्यात २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या गाड्या रात्रीतून बुडाल्या. पुण्याची बातमी दिवसभर टीव्हीवर चालते, चाळीसगावची दुपारपर्यंत. आमच्या अहिराणीत म्हातारी सांगते, 'पांझराले पूर उना.' नदी आली असं ती म्हणते, संकट आलं असं म्हणत नाही. कारण नदी येणार हे तिच्या हिशेबात होतं, तिचं घर वरच्या आळीत होतं.

बिल्डरांना मी सरसकट दोष देणार नाही. नियमावलीनं त्यांचं नुकसानही होऊ दिलेलं नाही. निवासी किंवा व्यापारी विभागातल्या भूखंडाचा काही भाग पूररेषेत गेला, तर त्या भागाचं चटईक्षेत्र उरलेल्या जागेवर वापरता येतं. म्हणजे नदीची जागा सोडायचा मोबदला कागदावर मिळतोच. तो मोबदला घेऊन जागाही वापरायची, ही दुहेरी कमाई आहे, आणि ती रोखायची जबाबदारी महापालिकेची आहे. भोगवटा प्रमाणपत्र दिल्यावर वर्षानं एकदा जाऊन खांबांच्या मध्ये काय उभं आहे ते बघायला किती माणसं लागतील? पूररेषा नकाशाच्या गुंडाळीत ठेवण्यापेक्षा विजेच्या खांबांवर निळ्या-लाल रंगानं मारून टाकल्या, तर प्लॉट पाहायला आलेल्या माणसाला वकिलाकडे जावं लागणार नाही. रंगाचे दोन डबे पुरतील. यात अडचण एकच आहे, त्या गल्लीतले भाव दुसऱ्या दिवशी उतरतील. म्हणूनच ते होत नाही.

विकास योजनेत फेरबदल करायचा, हिरवा पट्टा पिवळा करायचा, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली नोटीस छापावी लागते. हरकती-सूचनांना एक महिना असतो. ही नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवले-सापडलेच्या शेजारी, बारीक टाइपात येते. गट नंबर दिलेला असतो, नदीचं नाव बहुधा नसतं. आपला गट नंबर, नाहीतर नदीलगतच्या शेतांचे नंबर सातबाऱ्यावरून टिपून ठेवले तर ती नोटीस वाचता येते. नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात कामाच्या वेळेत पाहायला मिळतो. पूररेषेचा नकाशा तिथे नसेल तर जलसंपदा विभागाकडे माहितीच्या अधिकारात मागता येतो. गिरणा-पांझरा ज्याच्या अखत्यारीत येतात त्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं मुख्यालय जळगावातच आहे. हरकतीला वकील लागत नाही, साधा कागद चालतो. मात्र दुसरी प्रत सोबत न्यावी आणि तिच्यावर तारखेसह आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.