घरखर्चाचा हिशेब
(घरधनी व घरधनिणी यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही तुम्हांस वेदांत सांगण्यास उभे नाहीं. छप्पर, चूल आणि हिशेबाची वही, या तीनच गोष्टींवर बोलणार आहों. घाम गाळून मिळविलेला पैसा घरांत येतो. पण तो कोणत्या भोंकांतून बाहेर जातो हें आपल्यापैकीं फार थोडे पाहतात.

प्रथम आमचीच चूक सांगतों. आमच्या गच्चीची पन्हळ पाल्यानें तुंबली होती. "पुढच्या आठवड्यांत पाहूं" म्हणत आम्हीं दोन पावसाळे घालविले. पाणी सांचलें, भेगेंतून मुरलें, आंतल्या सळ्यांस गंज चढला. गंजलेलें लोखंड फुगतें व भोंवतालचें काँक्रीट फोडतें. तसेंच झालें, छताचे पोपडे चुलीपुढें पडूं लागले. जें काम एका सकाळीं झाडूनें झालें असतें, त्यासाठीं आम्हांस व्याजानें पैसे काढावे लागले!

सबब, मृग लागण्यापूर्वीं, म्हणजे मे महिन्यांतच, कौलारू घर असेल तर कौलें चाळून फुटकीं बदलावीं. गच्ची असेल तर पन्हळी साफ कराव्या, भेगा बुजवाव्या. भिंत ओली असतां रंग देऊं नये. आधीं पाणी कोठून येतें तें शोधावें, नाहीं तर रंगाचे पैसेहि पाण्यांतच जावयाचे. घरांत ६० वॅटचा जुना दिवा असेल तर तो बदला. रोज पांच तास जळाल्यास तो महिन्यास ९ युनिटें खातो. ९ वॅटच्या एलईडीस दीड युनिटहि लागत नाहीं.

आतां चुलीकडे वळूं. बेत न ठरवितां बाजारास जाणारा पिशवी भरून आणतो व निम्मी भाजी सडवितो. आठवड्याचा बेत आधीं वहींत लिहावा. रविवारीं सकाळीं मटकी भिजवून रात्रीं फडक्यांत बांधली कीं सोमवारीं उसळ होते. उरल्या मोडांची मंगळवारीं आमटी. उरल्या भाकरीचे तुकडे फोडणीस टाकावे. भात मात्र रात्रभर उकाड्यांत ठेवूं नये. त्यांत धरणारें विष पुन्हां ऊन केल्यानेंहि जात नाहीं. पिठलें-भाकरीस गरिबाचें जेवण म्हणून हिणवूं नका. ज्वारींत जें सत्त्व कमी, तें हरभऱ्याच्या पिठानें भरून निघतें. डाळ भिजवून शिजवावी, शिटी झाली कीं आंच कमी करावी. तेवढाच गॅस वांचतो. नवें पीक बाजारांत आलें कीं जमेल तेवढी तूरडाळ घ्यावी, उन्हांत वाळवून एरंडेलाचा हात लावून ठेवावी.

ज्यांची शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची आहे, त्यांस २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशीं महिन्यास ५ किलो धान्य मिळतें. जानेवारी २०२३ पासून त्यास पैसे पडत नाहींत. हें कोणाचें दान नव्हे, हक्क आहे. तो मोजून घ्यावा.

शेवटीं खरी गोष्ट बोलतों. पुष्कळ घरांत काटकसर म्हणजे घरधनिणीच्या ताटांतली भाकर कमी करणें होय! पुरुष जेवतो, पोरें जेवतात, मग ती बाई भांड्याच्या तळाशीं उरलेलें खाते. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणींत या देशांतील १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकीं ५७ रक्तक्षयानें पिडलेल्या आढळल्या. आहारांत लोह कमी पडणें हें त्याचें एक मोठें कारण. मग अशी बचत कसली? ती उद्यां दवाखान्यांत दामदुपटीनें भरावी लागते. पालेभाजी, डाळ, शेंगदाणे यांचा वांटा आधीं तिच्या ताटांत पडला पाहिजे. बेत आंखतांना चार ताटें लिहिलींत तर पांचवें तिचें लिहा.

म्हणून आमचें मागणें एवढेंच. हिशेबाची वही घरधनिणीच्या हातीं द्या, आणि पुरुषांनीं आपला विडी-तंबाखूचा खर्चहि तींत न लाजतां मांडावा. महिनाअखेर जें उरेल तें सणाच्या थाटांत न उडवितां मुलीच्या फीसाठीं बाजूस ठेवा. गळकें छप्पर आणि गळका खिसा, दोन्ही वेळींच बुजविले तर सावकाराच्या दारीं जाण्याची पाळी येणार नाहीं.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.