लॅपटॉप बिघडला : आधी कारण शोधा, मग खर्च करा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी आपणांपुढे एक साधाच विषय ठेवणार आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात आता पुष्कळ घरी एक लॅपटॉप असतो आणि त्या एका यंत्रावर सारे घर अवलंबून असते. वडिलांच्या दुकानाचा हिशेब व जीएसटीची कागदपत्रे त्यातच, मुलीच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्जही त्यावरच भरायचा. असे यंत्र ऐन वेळी बंद पडले की दुहेरी नुकसान होते. पैसा जातो तो जातोच, पण अर्जाची तारीख निघून गेली तर वर्षही जाते. घाबरलेल्या माणसाला कोणी "मदरबोर्ड गेला" असे सांगितले की तो लगेच मान डोलावतो. खरे कारण पुष्कळदा चार्जरच्या वायरीइतके लहान असते.

आपल्याकडील अनेक लॅपटॉप हे मोठ्या कंपन्यांनी काही वर्षे वापरून विकलेले असतात. लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक ही नावे आपण ऐकली असतील. ही यंत्रे कार्यालयीन कामासाठी बनविलेली असल्याने मजबूत असतात. त्यांच्या दुरुस्तीची पुस्तिका कंपनी स्वतःच इंटरनेटवर विनामूल्य देते आणि तपासणीची सोयही यंत्रातच असते. डेल सुरू करताना एफ १२, एचपीवर एफ २ आणि नव्या थिंकपॅडवर एफ १० ही कळ वारंवार दाबली की तपासणीचा मार्ग उघडतो. विंडोज सुरू होत नसले तरीही ही तपासणी चालते. तिच्यात दोष सापडला तर येणारा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.

मित्रहो, बिघाड शोधण्याचे नियम दोनच आहेत. बाहेरून आत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर प्रथम भिंतीवरील सॉकेट पाहा. तेथे दुसरे काही लावून लाइन आहे याची खात्री करा. मग त्याच जातीचा दुसरा चार्जर लावून पाहा. डेलच्या गोल टोकाच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. ती वाकली वा तुटली की यंत्राला चार्जर ओळखता येत नाही. मग यंत्र चालते, परंतु बॅटरी भरत नाही आणि वेग मंदावतो. असे झाले तर नवी बॅटरी घेण्याआधी ती पिन पाहावी. चार्जर ठीक असेल तर तो काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास तीही काढा आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते आणि कित्येक यंत्रे एवढ्यानेच जागी होतात.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, असेही होते. तेव्हा अंधारात टॉर्चचा उजेड स्क्रीनवर तिरपा टाका. अंधुक चित्र दिसले तर दोष स्क्रीनच्या उजेडाच्या भागात आहे. नंतर वायरीने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आले तर मदरबोर्ड बहुधा ठीक आहे. दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा आहे. दोन्हीकडे काहीच नसेल आणि यंत्र बीप करीत असेल किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ते मोजा. ती यंत्राची भाषा आहे आणि तिचा अर्थ त्याच पुस्तिकेत दिलेला असतो. रॅम सैल झाल्यासही असे होते. जाणकाराने बॅटरीची जोडणी काढून रॅम पुन्हा नीट बसविली की काम भागते.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर यंत्र वारंवार चालू-बंद करू नका. जेवढे निघेल तेवढे काम आधी दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क बाजारात मिळते, तीन वर्षांचा हिशेब मिळत नाही.

आता आपल्या हवामानाविषयी. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात राइस मिलजवळच्या दुकानात कोंड्याची धूळ पंख्याच्या जाळीत बसते. प्रोसेसर सुमारे १०० अंशांच्या मर्यादेजवळ पोचला की स्वतःच वेग कमी करतो आणि त्याहून तापल्यास यंत्र बंद पडते. म्हणून गादीवर वा उशीवर लॅपटॉप ठेवू नये आणि उन्हाळ्यापूर्वी पंखा साफ करून घ्यावा.

काही वेळा मात्र आपण हात आवरावा. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे असे समजा. ती दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. पाणी सांडले किंवा जळका वास आला तर लगेच बंद करा, चार्जर काढा आणि सुरू करून पाहण्याचा मोह टाळा.

दुकानात देताना काय होते, केव्हापासून होते आणि घरी काय तपासले, हे कागदावर लिहून द्या. खर्चाचा अंदाज आधी घ्या व बदललेला जुना भाग परत मागा. यंत्राला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधीच उतरवून ठेवा. मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र ती मागते आणि नसेल तर आतला मजकूर हाती लागत नाही.

पालकांना माझी विनंती आहे की हे काम मुलाइतकेच मुलीलाही करू द्यावे. आणि विद्यार्थी मित्रहो, आपण विज्ञानाच्या तासाला निरीक्षण, अनुमान, पडताळा असे शब्द पाठ करता. त्यांचा उपयोग तो हाच. ज्याला कारण शोधण्याची सवय लागली, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

आज घरी गेल्यावर एवढे एक काम करा. हिशेब, गुणपत्रिका व दाखले यांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवरील आपल्या खात्यात ठेवा. यंत्र आज ना उद्या बिघडणारच. त्या दिवशी आपले काम अडू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.