पोलादी शिल्प आणि चौकातली माणसं



चौकात अमूर्त शिल्प उभं राहिलं की लोक विचारतात, ‘हे आहे तरी काय?’ आज मला वेगळं विचारायचं आहे. ते उभं करण्याआधी तिथल्या माणसांशी कोणी बोललं होतं का?

न्यूयॉर्कमध्ये फेडरल प्लाझा नावाचा सरकारी कचेऱ्यांसमोरचा चौक आहे. १९८१ मध्ये तिथे रिचर्ड सेरा यांचं ‘टिल्टेड आर्क’ उभं राहिलं. १२० फूट लांब, १२ फूट उंच, जाडी जेमतेम अडीच इंच. वाकवलेला, किंचित कललेला पोलादी पट्टा. ना चौथरा, ना रंग. सेरा तरुणपणी पोलादाच्या कारखान्यांत राबलेले, त्यामुळे या धातूचा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. त्यांनी निवडलं कॉर-टेन. या पोलादात तांबं, क्रोमियम यांचा अंश असतो. त्याच्यावरचा गंज साध्या लोखंडासारखा पापुद्रे सुटून आत खात जात नाही. त्याचा घट्ट थर बसतो आणि तोच खालच्या धातूला राखतो. आधी नारिंगी, मग वर्षं सरतील तसा गडद तपकिरी. मला तो रंग फार देखणा वाटतो.

तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांना मात्र ती गंजकी भिंत वाटली. चौक ओलांडायचा तर तिला वळसा घालावा लागे. चालणाऱ्याला जागेचं भान यावं, हाच सेरांचा हेतू होता. पण रोज कामाला जाणाऱ्याची तक्रार अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. त्याचा चौक त्याला न विचारता बदलला होता.

१९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १८० जण बोलले. १२२ म्हणाले ठेवा, ५८ म्हणाले हलवा. तरीही पाच जणांच्या समितीनं चार विरुद्ध एक मतानं ते हटवायचं ठरवलं. हे शिल्प याच जागेसाठी आहे, हलवलं की ते संपलं, असं सेरा सांगत राहिले. ते कोर्टात गेले आणि हरले. १५ मार्च १९८९ च्या रात्री शिल्पाचे तीन तुकडे करून ते तिथून नेण्यात आले.

याउलट मिशिगनमधलं ग्रँड रॅपिड्स. तिथे १९६९ मध्ये अलेक्झांडर काल्डर यांचं ‘ला ग्रांद व्हितेस’ आलं. ४३ फूट उंच, ४२ टन वजनाचं, लालभडक. नावं ठेवणारे तिथेही होते. पण शिल्प हवं म्हणून गावातलीच माणसं पुढे झाली होती, सरकारी अनुदानाला जोड म्हणून पैसेही त्यांनीच उभे केले होते. पुढच्याच वर्षी शिल्पाभोवती कलामहोत्सव सुरू झाला. आज त्याची आकृती नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांवरही दिसते.

सेरांचं शिल्प तोडणं अन्यायाचंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या अन्यायाची पायाभरणी १९८१ च्या आधीच, बंद खोलीतल्या निवडीत झाली होती. तेव्हा उद्या तुमच्या गावच्या चौकात शिल्प येणार असेल, तर अनावरणाच्या निमंत्रणाची वाट पाहू नका. जागा ठरते त्या बैठकीला जा, आणि शिल्पकारालाही तिथे बोलवायला लावा.