गिअरबॉक्स उतरवण्याआधी



मेकॅनिकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचं विचारायला कार्यवाह गॅरेजवर आले तेव्हा मी गाडीखाली होतो. म्हटलं, मला भाषण येत नाही, गिअरबॉक्स येतो. ते म्हणाले, मग त्यावरच बोला. तर बोलतो, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीनं करतो.

काही वर्षांपूर्वी एक मुख्याध्यापिका बाई ऑटोमॅटिक सेडान घेऊन आल्या. लिव्हर ‘डी’वर टाकला की खाडकन झटका. मी गिअरबॉक्स उतरवला, खोलला, क्लच प्लेटा कागदावर ओळीनं मांडल्या. सगळं ठणठणीत! दोष निघाला इंजिनाच्या माउंटिंगमध्ये. त्याचं रबर फाटलं होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘सिग्नलला उभी असते ना, तेव्हा स्टिअरिंग थरथरतं हो.’ मी मान हलवली, ऐकलं मात्र नाही. मजुरी सोडली, पण बाईंचे चार दिवस गेले ते गेलेच.

आपल्या धंद्यात ‘गिअरबॉक्स गेला’ हे वाक्य फार स्वस्त झालंय. ऑटोमॅटिक म्हणणं म्हणजे नुसतं आंबा म्हणण्यासारखं आहे. हापूस की पायरी, ते आधी विचारा. 1940 सालच्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांमध्ये हायड्रामॅटिक आला, त्या घराण्यातला टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स वेगळा. डाफ कंपनीनं 1958 मध्ये पट्ट्यावर चालणारी गाडी आणली, तिचा वंशज सीव्हीटी वेगळा. दोन क्लचचा डीसीटी वेगळा. आणि 2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे घरोघरी पोचलेला एएमटी तर मुळात हातगिअरचाच. क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात तेवढे यंत्राचे.

हे न पाहता तपासायला बसलात, तर निरोगी गाडी आजारी ठरवाल. एएमटी गिअर बदलताना क्षणभर दम घेते, तो तिचा स्वभाव. सीव्हीटीत आधी इंजिन ओरडतं, मग गाडी पळते. तिथं ‘तिसरा गिअर पडत नाही’ या तक्रारीला अर्थच नाही, कारण आत ठरलेले गिअरच नाहीत. उलट, घाटात ब्रेक न लावता एक्सलेटरवर एएमटी धरून ठेवणारा गिऱ्हाईक क्लच जाळतो आणि दोष गाडीला देतो. त्याला बिल देण्याआधी ही सवय सांगा.

आता टॉर्क कन्व्हर्टरवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथंच वाया जातात. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून ट्रायल मारा, गाडी थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा. ‘डी’ टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी गाडी उचलते? ऑइल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा सील कडक झालेले. सगळेच गिअर घसरतात? मग ऑइलच्या दाबाकडे पाहा. फक्त दुसऱ्याहून तिसऱ्यावर जाताना इंजिन मोकळं पळतं? मग त्याच गिअरचा क्लच किंवा सोलेनॉइड धरा. बाकीच्यांना हात लावू नका. गाडी एकाच गिअरला अडकली आणि बंद करून चालू केल्यावर काही वेळ सुधारली, तर आधी वायरिंग, सेन्सर आणि बॅटरी तपासा. बॅटरी अशक्त असेल तर कॉम्प्युटर काहीही बरळतो.

मग ऑइल. ज्याला डिपस्टिक आहे त्याचं ऑइल बहुतेक गाड्यांत तापल्यावर, इंजिन चालू ठेवून बघतात. डिपस्टिकच नसेल तर कंपनीनं सांगितलेल्या तापमानालाच लेव्हलचा बोल्ट काढायचा. तपकिरी आणि करपट वासाचं ऑइल म्हणजे प्लेटा जळल्या. गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, बहुधा रेडिएटरमधल्या कूलरमधून. ती गाडी चालवत परत पाठवू नका. चॅम्बरमधल्या चुंबकावर पिठासारखा करडा थर असणारच, घाबरू नका. कपचे दिसले तर मात्र घाबरा. आणि सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टरवाल्याचं साधं ऑइल, म्हणजे एटीएफ, ओतणाऱ्याच्या हातून मी पाना काढून घेईन.

स्कॅनर मी सर्वांत शेवटी ठेवलाय, यावर तरुण मंडळी हसतील. लावा की, रोज लावा. पण पी 0700 हा कोड म्हणजे दारावरची बेल. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काही सांगायचंय, एवढंच ती कळवते. दार उघडून आतला कोड वाचावा लागतो. पी 0730 सांगतो की गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. ते ऑइल कमी असल्यामुळे, प्लेटा झिजल्यामुळे की स्पीड सेन्सर खोटं बोलतोय म्हणून, हे तो सांगत नाही. कोड वाचून पार्ट मागवणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही, तो पार्टांचा दलाल.

गिऱ्हाइकाला ‘अजून कळलं नाही, एक दिवस द्या’ असं सांगायला आपल्याला लाज वाटते. तीस हजारांचं काम उगाच सांगताना वाटत नाही.

आता एकच मागणं. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येकानं आपली एक चुकलेली केस लिहून आणावी: गिऱ्हाईक काय म्हणालं, आपण काय खोललं, दोष कुठं निघाला. मुख्याध्यापिका बाईंच्या गाडीचा कागद मी आज सकाळीच कार्यवाहांकडे दिला आहे.