हजेरीपट उभा वाचा

सुदुंबरे म्हटलं की संताजी जगनाडे महाराजांची समाधी आठवते. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. तेव्हा लिहून ठेवण्याची महती या गावाला मी काय सांगावी! शाळेतही एक वही रोज लिहिली जाते, हजेरीपट. लिहिली जाते, वाचली मात्र क्वचित जाते.

समजा, पाचवीतला एक मुलगा आषाढात आठ-दहा दिवस येत नाही. आला की शेजाऱ्याला चिमटे काढतो. गुरुजी तक्रार नेतात, "पोरगा वाह्यात आहे." मुख्याध्यापक दम देतात. प्रकरण मिटलं?

हजेरीपट आपण आडवा वाचतो, एकेका नावापुढे. तो तारखेखाली उभा वाचून पाहावा. त्याच दिवशी आणखी पाच-सहा मुलं गैरहजर दिसली, तर बाहेर पाहावं. मावळात तेव्हा भाताची लावणी चालू असते. मोठी माणसं खाचरात. धाकटं भावंड कुणी सांभाळायचं? मुलगा परत येतो तोवर निम्मे अपूर्णांक शिकवून झालेले असतात. फळ्यावरचं काही कळेना, म्हणून चिमटे. एकदा 'ढ' हे नाव चिकटलं की पुढं शाळाच सुटते.

१८८२ साली शिक्षण आयोगापुढं दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच पाहिलं होतं. शेतकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत? याचं उत्तर त्यांनी मुलांच्या आळसात शोधलं नाही. घरची अतिशय गरिबी, शिवाय गुरं राखायला नि शेत सांभाळायला मुलंच लागतात, असं त्यांनी सांगितलं. आणि शाळा वाढवण्याबरोबर शिष्यवृत्त्या व बक्षिसंही सुचवली.

जपानच्या टोयोटा कारखान्यात बिघाड झाला की 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची रीत आहे. चाकणला कामाला जाणाऱ्या काही पालकांना ती ठाऊकही असेल. रीत चांगली, पण यंत्राला लाज नसते. मुलाला पाच वेळा 'का' विचारलंत, तर तो खाली मान घालून उभा राहील. म्हणून आधी वहीला विचारावं, मग घरी जाऊन आईला. आणि तेही तक्रार न सांगता.

कारण दर वेळी घरातच सापडेल असंही नाही. फळा दिसत नसेल. घरची बोली वेगळी असेल. गोंधळ रोज जेवणाच्या सुट्टीनंतरच होत असेल, तर तापलेल्या पत्र्याखाली त्या तासाला गणित कुणी ठेवलं? वेळापत्रक मुख्याध्यापकांच्याच सहीचं असतं. ते बदलता येतं. लावणीच्या आठवड्यात नवा पाठ थांबवता येतो, परतलेल्या मुलांना पंधरा दिवस अर्धा तास जादा देता येतो. मग पुढच्या महिन्याचा हजेरीपट पुन्हा उभा वाचावा.