खेळायला वेळ कोणाला?
(वाशीम जिल्ह्यातील महिला गटांच्या बैठकीतील भाषण)



१९३४ साली मुंबईच्या लीला राव विम्बल्डनला खेळल्या. पहिला सेट ४-६ असा गेला. पुढचे दोन त्यांनी १०-८, ६-२ असे घेतले. विम्बल्डनचा सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. आई क्षमा राव संस्कृत लेखिका, स्वतः टेनिस खेळणाऱ्या, वडील डॉक्टर. घरात पैसा होता आणि खेळणारी आई होती.

आपल्या मुली? शाळा सुटली की पाणी, भाकरी, धाकटी भावंडं. भाऊ मात्र मैदानावर. टेनिस राहू द्या, कबड्डीला कुठे पैसे लागतात? लागतो तासभर मोकळा वेळ. तो कामं वाटून मिळतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं : मुलीचं कोणतं काम मुलाकडे दिलं?